सोवनींचं ओरझाक

श्रीखंड संपलं होतं, गोष्ट एवढीच होती. ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या आमच्या मराठी मंडळाचा गणपती, भाड्यानं घेतलेला शाळेचा कॅफेटेरिया, दीडशे माणसं जेवून उठली आणि उरलेल्या साठ-सत्तर जणांच्या ताटात पुरी आली पण श्रीखंड आलं नाही. अशा वेळी कुठल्याही मंडळात जे होतं ते होत होतं. ज्यांना मिळालं नव्हतं ते कुजबुजत होते, ज्यांना मिळालं होतं ते "तसं जरा जास्तच गोड होतं हो" म्हणून त्यांची समजूत घालत होते, आणि दोन दिवस चक्का टांगून गराजमधल्या फ्रिजात श्रीखंड जमवणाऱ्या बर्वेकाकू स्वयंपाकघराच्या दाराशी रडवेल्या चेहऱ्यानं उभ्या होत्या.

तेवढ्यात रमाकांत सोवनींनी सिल्कच्या कुडत्याच्या खिशातून पिवळ्या चिकटचिठ्ठ्यांचं पॅड काढलं. समारंभाला जाताना माणूस खिशात रुमाल ठेवतो, हा गृहस्थ पॅड ठेवायचा. भिंतीवर पहिली चिठ्ठी लागली: 'श्रीखंड संपलं'. तिच्याखाली दुसरी: 'का?' मग 'माणसं जास्त आली'. पुन्हा 'का?' मग 'लोकांनी आई-वडिलांना आणलं'. आणि त्याखाली परत 'का?' ह्या ठिकाणी मागून कोणीतरी "मग काय घरी कोंडून यायचं होतं का?" असं विचारलं, पण सोवनी चौकशीत असले की त्यांना मागचं ऐकू येत नसे. वीस मिनिटांत, पुऱ्या वातड होत असताना, त्यांनी निकाल दिला. मंडळाच्या नोंदणी फॉर्मवर 'मोठे' आणि 'मुलं' असे दोनच रकाने होते. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-वडिलांना लोक दोन्हीत धरत नव्हते, कारण ते पाहुणे. म्हणून श्रीखंड संपलं.

निकाल बरोबर होता. सोवनींची सगळ्यात संताप आणणारी गोष्ट हीच होती, की ते बहुतेक वेळा बरोबर असत. पुढच्या वर्षी फॉर्मवर तिसरा रकाना आला आणि लोकांनी उरलेलं श्रीखंड डब्यातून घरी नेलं. पण त्या दिवशी ते निकालावर थांबले नाहीत. बर्वेकाकूंकडे वळून, त्यांना धीर देण्याच्या अगदी खऱ्या इच्छेनं, ते म्हणाले, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही नुसत्या आनलायडिंग आहात. ओरझाक नाही."

बर्वेकाकू हुंदका देऊन आत गेल्या. बर्वेकाका पुढे आले. "सोवनी, माझ्या बायकोला काय म्हणालात तुम्ही?"

"डच शब्द आहे. चांगला आहे."

"चांगला असता तर मराठीत म्हणाला असतात," बर्वेकाका म्हणाले, आणि दोन्ही घरांचं येणंजाणं दिवाळीपर्यंत बंद राहिलं.

ही २००३ सालची गोष्ट. मी तेव्हा नवीनच ह्यूस्टनला आले होते. तेल आणि गॅसच्या एका मोठ्या कंपनीत मला नोकरी लागली होती. कंपनीचं मूळ हॉलंडमध्ये, ऑफिस ह्यूस्टनच्या पश्चिमेला आणि कारखाना तासाभराच्या अंतरावर पूर्वेला, खाडीच्या काठी. सोवनी त्याच कंपनीत होते. कारखान्यात काही फुटलं, जळलं, गळलं की ते का झालं हे शोधून काढणारं एक खातं होतं, त्यात ते ज्येष्ठ होते. आम्ही एकाच वसाहतीत राहत होतो, म्हणून एका गाडीनं जाऊ लागलो. ऑफिसात सगळे त्यांना 'राम' म्हणत आणि मंडळात सगळे 'सोवनीकाका'. मी दोन्हीकडची असल्यामुळे माझी पंचाईत व्हायची. पार्किंगमध्ये गाडीतून उतरताना ते काका असत आणि लिफ्टमधून बाहेर पडताना राम. मधल्या चार मजल्यांत मी त्यांना हाकच मारत नसे.

उंच, किडकिडीत, खिशात चार पेनं, आणि टेक्सासच्या उन्हातही पूर्ण बाह्यांचा शर्ट. कंपनीनं त्यांना कधीकाळी चार वर्षं हॉलंडला पाठवलं होतं. लोक परदेशातून घड्याळं आणतात, क्रॉकरी आणतात. सोवनींनी तिथून तीन गोष्टी आणल्या. चीज कापायची सुरी, जिनं ते पनीरही कापत. बिनदुधाची कडू कॉफी, जी ते पाहुण्यांनाही पाजत. आणि हे दोन शब्द. डच भाषा त्यांना शंभर शब्दांपलीकडे येत नसावी, पण ह्या दोन शब्दांवर त्यांनी उभा संसार केला.

शब्दांचा अर्थ त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात गाडीत समजावून सांगितला. उजवीकडची लेन, पंचावन्न मैलांचा वेग, मागून ट्रकवाले हॉर्न मारतायत आणि सोवनी शिकवतायत. "ओऽरझाक. ओ लांबव. झाडातला झ, झेंड्यातला नको. ओरझाक म्हणजे मूळ. जे आधीपासून तिथे आहे, गुपचूप. आणि आनलायडिंग म्हणजे शेवटी जे घडतं आणि सगळं बाहेर येतं ते. भांडण झालं, तर कोणी काय बोललं ते आनलायडिंग. वीस वर्षं मनात काय होतं ते ओरझाक. इंग्लिशमध्ये दोन्हीला 'कॉज' म्हणून मोकळे होतात. म्हणून ह्या देशात कशाचं खरं कारण सापडत नाही."

"काका, आपल्याकडे आहेत की शब्द," मी म्हटलं. "निमित्त आणि कारण. नागपुरात माझी आई रोज वापरते. 'कप फुटला हे निमित्त गं, सुनेचं डोकं आधीच फिरलं होतं.' त्यासाठी ती हॉलंडला गेली नव्हती."

सोवनींना हे आवडलं नाही. त्यांनी आरसा उगाच सारखा केला. मग म्हणाले, "निमित्तात माणूस सुटतो. 'मी आपला निमित्तमात्र' म्हणायचं, वर बोट दाखवायचं आणि हात झटकायचे. ओरझाकमध्ये असं नाही. तिथे कोणी सुटत नाही."

वाक्य मोठं बाणेदार होतं आणि खरं सांगायचं तर मी त्यानं भारावून गेले. मी नवखी होते.

त्या शब्दाच्या वापरात एक बारीक खोच होती, ती मला पुढच्या वर्षी जुलैत कळली. आम्ही दोघं ऑफिसला निघालो होतो आणि फिफ्टी-नाइन हायवेवर त्यांच्या जुन्या गाडीचं चाक बसलं. मला नऊची मीटिंग होती. मी डिकी उघडून जॅक काढायला लागले तर सोवनींनी माझा हात धरला. "थांब. चाक बदललं की पुरावा गेला." शंभर डिग्री फॅरनहाइटच्या उन्हात, अंगावर धूळ उडवत ट्रक जात असताना, ते गुडघ्यावर बसून टायरची पाहणी करत राहिले. खिळा सापडला. "हा आनलायडिंग," ते समाधानानं म्हणाले. मग चिठ्ठ्या निघाल्या, त्या गाडीच्या दारावर लागल्या, वाऱ्यानं उडाल्या, पुन्हा लागल्या. खिळा कुठून आला? छपराचा खिळा. छप्पर कोणाचं बदललं जातंय? माझ्या शेजाऱ्याचं. गाडी काल कुठे उभी होती? माझ्या ड्राइव्हवेत. का? मी त्यांना चहाला बोलावलं होतं.

"म्हणजे मी चहा केला हे ओरझाक?"

"भावनेत जाऊ नकोस. मी फॅक्ट्स सांगतोय."

इतक्यात टो-ट्रकवाला आला. त्यानं एक नजर टाकली आणि चारही टायरांवरून बूट फिरवत म्हणाला, "सर, हे टायर पार गुळगुळीत झालेत. दोन वर्षांपूर्वीच बदलायला हवे होते."

सोवनींनी शेवटची चिठ्ठी काढली, त्यावर काहीतरी लिहिलं आणि दाराच्या अगदी कडेला, चिठ्ठ्यांच्या साखळीच्या बाहेर लावली. मी वाकून वाचली. 'कॉन्ट्रिब्यूटिंग फॅक्टर'. म्हणजे हातभार लावणारी किरकोळ बाब.

शैलाकाकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, मी हा किस्सा सांगितला तेव्हा त्या हसल्यासुद्धा नाहीत. पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "अगं, आमच्या फ्रिजवर वीस वर्षं ह्या चिठ्ठ्या लागतायत. दूध नासलं, लावली. मेघनाला केमिस्ट्रीत बी मिळाला, लावली. माझ्या नावाच्या निघाल्या, मेघनाच्या निघाल्या, माझ्या आईच्या तर ती वारल्यावरही निघाल्या. ह्यांच्या नावाची एकही निघाली नाही. एकदा नाही."

मेघना, त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी, टेबलापाशी बसून सिरियल खात होती. "Mom, he's the wall," ती मान वर न करता म्हणाली. "चिठ्ठ्या भिंतीवर लावतात. भिंतीला नाही लावत नाव."

इतकं चांगलं मराठी ती पुन्हा कधी बोललेली मी ऐकलं नाही.

खुद्द डच माणसांना सोवनींच्या डचबद्दल काय वाटायचं, हे मला हेंकच्या निरोपाच्या जेवणात कळलं. हेंक आमचा मोठा साहेब, उंचीनं सोवनींच्याही वर, तीन वर्षं ह्यूस्टनमध्ये काढून परत चालला होता. सोवनींनी त्याच्या गौरवार्थ डचमधून चार वाक्यं बोलायचं ठरवलं. पंधरा दिवस गाडीत रियाज चालला. मला अर्थ सांगितला होता: 'तुम्ही माझ्या करिअरला कारणीभूत झालात.' ओरझाकवरूनच केलेलं क्रियापद होतं, 'फेरओरझाकन', म्हणजे घडवून आणणं. सोवनी उभे राहिले, ग्लास उंचावला आणि वाक्य म्हणाले. टेबलावरची सगळी डच मंडळी आधी एकमेकांकडे बघायला लागली आणि मग खो-खो हसायला लागली. हेंक डोळे पुसत म्हणाला, "राम, हे क्रियापद आम्ही अपघातासाठी वापरतो. पूर, ट्रॅफिक जॅम, डोकेदुखी. तू आत्ता म्हणालास की तुझ्या करिअरचं नुकसान मी घडवून आणलं."

कोणी दुसरा असता तर स्वतःही हसला असता. सोवनी शांतपणे खाली बसले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाले, "त्या लोकांचा वापर चुकीचा आहे. शब्दाची रचना बघ. त्यात वाईट असं काही नाही. ते फक्त वाईटासाठी वापरतात, ही त्यांची सवय झाली." डच लोकांना डच येत नाही, असं म्हणणारा पुण्याचा एकच माणूस मी पाहिला. पण मनात मला हेंकचं पटलं होतं. चांगलं झालं की कोण शोधत बसतंय ते कोणामुळे झालं? माणूस कारण शोधायला निघतो तेव्हा त्याच्या मनात कोणाला तरी धरायचं असतं, मग तो ते कबूल करो न करो.

तर असे सोवनी. मी घरी नवऱ्याला त्यांच्या नकला करून दाखवत असे. मंडळातही त्यांच्यावरून विनोद होत आणि ते सगळ्यांत पुढे होऊन मी करत असे. आता पुढचं सांगताना माझा तो हसरा आवाज टिकणार नाही, तरी प्रयत्न करते.

२००६ च्या वसंतात कारखान्यात आग लागली. मोठी नव्हती. गरम तेल वाहून नेणाऱ्या एका पंपाचं सील फुटलं, तेल बाहेर उडालं आणि पेटलं. सील म्हणजे पंपाच्या फिरत्या दांड्याभोवतीची कडी, तेल बाहेर येऊ नये म्हणून बसवलेली. एका कंत्राटी कामगाराचा हात भाजला, तो बरा झाला. पण आग ती आग, वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या आणि वरून विचारणा सुरू झाली. पाच जणांची चौकशी समिती बसली. सोवनी प्रमुख, आणि जुने कागद धुंडाळायला मी.

पंप सुरू केला होता डॅरिलनं. डॅरिल चोवीस वर्षं त्या कारखान्यात ऑपरेटर होता. अवाढव्य देह, बारीक आवाज, आणि समोरच्याशी बोलताना टोपी काढून हातात धरायची पद्धत. तो सोवनींना 'मिस्टर राम' म्हणायचा आणि दर हिवाळ्यात त्यांच्यासाठी घरच्या झाडाचे पिकान, म्हणजे अक्रोडाचे भाऊबंद, पिशवी भरून आणायचा. हा पंप चालू करण्याआधी चाळीस मिनिटं हळूहळू गरम करायचा असतो. डॅरिलनं वीस मिनिटंच केला होता, कारण कंट्रोल रूममधून त्याच्या नावानं शंख चालला होता. त्यानं स्वतःच ते सांगितलं. चौकशीआधी तो बाहेर बाकावर बसला होता आणि टोपी हातात इतकी पिळत होता की तिचा आकार गेला.

त्या दिवसाचे सोवनी मला आवडले. अगदी मनापासून आवडले, हे आधी सांगून टाकते. त्यांनी डॅरिलला कॉफी दिली, बिनदुधाची कडूच. एकदाही आवाज चढवला नाही. त्यानं 'माझंच चुकलं' म्हटल्यावर ते त्याच्या शेजारी येऊन बसले आणि त्यांचं ते व्याख्यान त्यांनी इंग्रजीत दिलं, पण त्या दिवशी त्यात एक अक्षर फुशारकीचं नव्हतं. "डॅरिल, वीस मिनिटांनी चांगलं सील फुटत नाही. ते आधीच गेलेलं होतं. तू आनलायडिंग आहेस. मी ओरझाक शोधून काढीन."

"आन-लाय-डिंग," डॅरिलनं तीनदा म्हणून बघितलं. "माझ्या बायकोला सांगतो. तिला झोप नाही." अशा चौकशीत ज्याच्या नावावर दोष येतो त्याची नोकरी जाते, हे त्याला आणि तिला दोघांनाही माहीत होतं. त्याचं वय सत्तावन्न होतं.

मग मी कागद धुंडाळले. सील दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. ते बदलणं तीनदा पुढे ढकललं गेलं होतं. दरवेळी त्यासाठी एक फॉर्म भरावा लागतो आणि तिसऱ्यांदा ढकलण्याआधी पंप उघडून आत बघावं लागतं, असा नियम होता. पंप उघडलेला नव्हता. फॉर्म मात्र भरलेला होता. 'बाहेरून गळती दिसत नाही. पुढच्या शटडाउनपर्यंत थांबायला हरकत नाही.' खाली सही. र. श्री. सोवनी. चौकशी खात्यात येण्याआधी ते देखभालीच्या खात्यात होते, हे मी विसरूनच गेले होते.

शुक्रवार होता, जेवणाची सुट्टी. सोवनी एकटेच त्या खोलीत डबा खात होते. भिंतभर पिवळ्या चिठ्ठ्या होत्या. आग लागली, सील फुटलं, सील जुनं होतं, बदललं नव्हतं, आणि त्याखाली शेवटची, 'का?'. तिच्याखालची जागा मोकळी होती. मी फॉर्म त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो वाचला, चष्मा काढून परत वाचला. पोळीचा घास हातातच राहिला.

"ठेव इथे," ते म्हणाले. "मी बघतो."

मी शेजारच्या खोलीत जाऊन बसले आणि मला खात्री होती, अगदी खात्री होती, की सोमवारी भिंतीवर त्यांच्या नावाची चिठ्ठी असेल. शैलाकाकूंना फोन करून सांगावं असंही मनात येऊन गेलं.

सोमवारी भिंतीवरची साखळी बदललेली होती. आग लागली, सील फुटलं, पंप पुरेसा गरम न करता चालू केला, ठरलेली पद्धत पाळली नाही. बस. सील जुनं असल्याची चिठ्ठी कडेला, साखळीच्या बाहेर होती, आणि तिच्यावर काय लिहिलेलं असणार हे मला वाचायची गरज नव्हती. सोवनींनी तो फॉर्म फाडला मात्र नाही. फाडणारे नव्हतेच ते. अहवालाच्या शेवटच्या परिशिष्टात, 'तपासलेली कागदपत्रं' ह्या यादीत, त्याचा नुसता क्रमांक होता. पंचाऐंशी पानं उलटत कोणी तिथवर पोचलं असतं आणि तो क्रमांक घेऊन कपाटापर्यंत गेलं असतं, तर त्याला सगळं कळलं असतं. कोणी गेलं नाही.

संध्याकाळी गाडीत त्यांनी रेडिओ लावला. तीन वर्षांत पहिल्यांदा. अर्ध्या रस्त्यात मी तो बंद केला. "काका, तुम्ही डॅरिलला काय म्हणाला होतात?"

त्यांनी बंद रेडिओचं बटण उगाच फिरवलं. मग म्हणाले, "इंग्लिश फॉर्मवर 'रूट कॉज'चा एकच रकाना असतो गं."

"मग त्यात कोणाचं नाव घालायचं हे ठरवता येतं ना?"

"निवृत्तीला अठरा महिने राहिलेत माझे," ते म्हणाले. "मेघनाचं मेडिकल स्कूल आहे. आणि ते सील तसंही फुटलंच असतं का, हे कोणी सांगू शकत नाही." हा माणूस ज्या विधानाला एरवी पाच वेळा 'का?' विचारून उभं सोलून काढायचा, तसलंच विधान त्यानं स्वतः केलं आणि ब्लिंकर देऊन लेन बदलली.

अहवालावर पाच सह्या लागतात. चौथी माझी आहे. माझं ग्रीन कार्ड त्या वेळी ह्याच कंपनीच्या अर्जावर अडकलेलं होतं, तिसरं वर्ष चालू होतं, नोकरी गेली असती तर सगळं पहिल्यापासून. नवरा म्हणाला, "तू काय करणार होतीस? प्रमुख ते आहेत, जबाबदारी त्यांची." मला ते पटलं, म्हणजे पटवून घेतलं. सही करताना मला स्वतःची लाज वाटत होती आणि ती अजूनही वाटते, पण पेन काही अडखळलं नाही.

डॅरिलची नोकरी गेली. शेवटच्या दिवशी बॅज परत करायला तो आमच्या ऑफिसात आला होता. सोवनींच्या दारात टोपी काढून उभा राहिला आणि म्हणाला, "थँक यू, मिस्टर राम. तुम्ही प्रयत्न केलात, मला माहीत आहे. वरच्यांनी ऐकलं नसेल." सोवनी उठून उभे राहिले. त्यांनी हात पुढे केला आणि डॅरिलनं तो दोन्ही हातांत घेतला. मी समोरच्या क्युबिकलमध्ये कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत बसले, तो तेव्हा बंद होता.

त्यानंतर मी त्यांच्या गाडीनं जाणं सोडलं. माझ्या मुलीच्या डे-केअरची वेळ बदलली असं सांगितलं. मुलीला डे-केअरला नवराच सोडायचा, हे त्यांना ठाऊक होतं, पण त्यांनी 'का?' विचारलं नाही. मंडळात ते येत राहिले, पण चिठ्ठ्या बंद झाल्या. एका वर्षी गणपतीत माइक बिघडला, पाऊण तास खोळंबा झाला, सगळे त्यांच्याकडे बघू लागले, तर ते उठून चपला घालून बाहेर गेले. लोक म्हणाले, सोवनीकाका थकले. बर्वेकाकू म्हणाल्या, बरं झालं, सुटलो. मी हसले नाही, आणि का हसले नाही ते कोणाला सांगितलंही नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते २००८ मध्ये, ते निवृत्त झाल्यावर चार-पाच महिन्यांनी. गावातल्या मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात मी बल्ब घ्यायला गेले होते. पलीकडच्या रांगेतून तो बारीक आवाज आला आणि माझे पाय जागीच थांबले. शेल्फच्या फटीतून बघितलं तर हिरवा एप्रन घातलेला डॅरिल, आणि त्याच्यासमोर प्लॅस्टिकच्या पिशवीत नळाचा वायसर घेऊन उभे असलेले सोवनी. दोघांपैकी कोणाला ही भेट अनपेक्षित होती ते कळायला मार्ग नव्हता, पण डॅरिलच्या चेहऱ्यावर निव्वळ आनंद होता. तो बायकोची खुशाली सांगत होता, सोवनी मान हलवत होते. मग त्यानं वायसर उजेडात धरला.

"गळतोय ना? कधीपासून?"

"नवीन बसवला तेव्हापासूनच."

"हं. हा झिजलेला नाहीये, मिस्टर राम. चेपलाय. कोणीतरी गरजेपेक्षा जास्त आवळला. कोणी बसवला, प्लंबरनं?"

सोवनींचे ओठ हलले, थांबले. मग म्हणाले, "नाही. मीच."

डॅरिल मोठ्यानं हसला आणि त्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "चला, कबूल तरी करता तुम्ही! दिवसभर माणसं येतात इथे. सगळ्यांचे नळ प्लंबरनंच बिघडवलेले असतात."

सोवनींचं तोंड उघडलं. ते आता बोलणार, हे मला तिथून दिसत होतं. डॅरिल मान खाली घालून चिटोऱ्यावर त्यांना कोणत्या रांगेत काय मिळेल ते लिहून देत होता, तेवढा वेळ ते उघडंच होतं. त्यानं मान वर केली तेव्हा ते मिटलेलं होतं. "थँक यू, डॅरिल," ते म्हणाले आणि चिटोरं घेऊन निघाले. त्यानं सांगितलेल्या रांगेकडे गेले नाहीत, सरळ दाराबाहेर गेले.

डॅरिल माझ्या रांगेकडे वळला. मी हातातला बल्ब शेल्फवर ठेवला आणि बागेच्या सामानाच्या बाजूनं बाहेर पडले. पार्किंगमध्ये सोवनी त्यांच्या गाडीत बसले होते. काचा बंद, इंजिन बंद, दुपारी दोनचं ऊन, आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर. जाऊन काचेवर टकटक करावं असं मला वाटलं. म्हणावं, काका, मीसुद्धा. इतकी वर्षं ह्या माणसाच्या नकला करून मी लोकांना हसवत आले होते, पण ते निदान नळाबद्दल तरी 'मीच' म्हणाले होते. मी अजून कशाबद्दलच म्हटलेलं नव्हतं. मी त्यांच्या गाडीच्या मागून, त्यांच्या आरशात दिसणार नाही अशा बेतानं, माझ्या गाडीपर्यंत गेले आणि पलीकडच्या गेटनं बाहेर पडले.